कूलरच्या टाकीतले पाहुणे

नागपूरकराच्या पंचांगात दोनच तिथ्या महत्त्वाच्या असतात. एक कूलर लावायची आणि दुसरी कूलर काढायची. पहिली तिथी घरोघर अगदी वेळेवर पाळली जाते. मार्च संपायच्या आत वाळा नवा भरला जातो, पंप तपासला जातो, आणि शेजाऱ्याचा कूलर आपल्या आधी लागला तर घरात बोलणीही बसतात. दुसरी तिथी मात्र पुढे पुढे ढकलली जाते. मृगाच्या सरी येतात, कूलर बंद होतो, त्याचा पंखा आणि पंप माळ्यावर जातात, आणि त्याची पत्र्याची टाकी 'उद्या उचलू' म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहते. श्रावण येईपर्यंत ती पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली असते.

यंदा आमच्याकडे असेच झाले. दोष कोणाचा, हे मी सांगणार नाही. 'उद्या उचलू' हे शब्द माझे होते, एवढेच सांगतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला एके दिवशी सकाळी डासांच्या अळ्या शोधणारे आरोग्यखात्याचे कर्मचारी गल्लीत आले. आमच्या घरी हा विषय थट्टेचा नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता. त्या पंधरा दिवसांतले त्याच्या रक्ताचे आकडे आमच्या सौभाग्यवतींना आजही व्यंकटेशस्तोत्रासारखे पाठ आहेत. टाकीत बॅटरीचा झोत पडला, आत अळ्या वळवळताना दिसल्या, आणि सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की मी काही न बोलता टाकीची एक कड धरली.

तेवढ्यात आमची चौथीतली नात ओरडली, "आबा, थांबा ना! याच्यात कोणीतरी मोठं आहे. ते छोट्यांना खाऊन राहिलंय!"

आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. तळाच्या गाळात गाळाच्याच रंगाचे एक ध्यान बसले होते. लांबी इंचभरापेक्षा थोडी कमी, सहा पाय, फुगीर पोट आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे डोळे. कोळी आणि झुरळ यांची सोयरीक जमली असती तर असेच काहीसे अपत्य झाले असते. त्याच्या अंगावरून डासाची एक अळी वळवळत गेली. काय झाले ते कोणालाच दिसले नाही. पण अळी नव्हती आणि ते ध्यान काहीतरी चावत होते.

"बापा, हा कोन्ता किडा आहे जी?" तो कर्मचारी म्हणाला. "पन पानी त फेकाच लागते."

प्राणिशास्त्र शिकवण्यात ज्यांची हयात गेली, असे माझे एक स्नेही जवळच राहतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी फेका, पण ते फेकू नका. ते चतुराचे पिलू आहे."

मग तह झाला. टाकी रिकामी करून घासून पुसून पालथी घालायची, आणि पिलांना लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवायचे. शोधाशोध केली तेव्हा तशी चार सापडली. बरणीच्या तोंडाला सौ.ने लोणच्याला बांधतात तसा मलमलीचा दादरा बांधला आणि बजावले, "यातून एक जरी डास बाहेर आला, तर बरणी आणि तुम्ही दोघेही अंगणात." पुढचे तीन आठवडे ती बरणी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. हे सगळे तिथे बसून पाहिलेले आहे.

चतुर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाळ्याच्या उतारावर मैदानावर घिरट्या घालणारा तो लांबोडा, चार पंखांचा कीटक. हल्लीची मुले त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा निर्दय खेळ मीही लहानपणी खेळलो आहे. त्याचीच नाजूक चुलत बहीण म्हणजे टाचणी. नावाप्रमाणेच बारीक आणि सरळ. दोघांत फरक कसा ओळखायचा? बसल्यावर चतुर पंख विमानासारखे पसरून ठेवतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे एवढे मोठे की बहुतेक जातींत ते डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणीचे डोळे मात्र डमरूच्या दोन टोकांसारखे एकमेकांपासून दूर. या कुळाची भारतातली मोठी नोंद लेफ्टनंट कर्नल फ्रेझर या लष्करी डॉक्टराने केली. १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघालेले त्याचे तीन खंड आजही अभ्यासकांच्या कपाटात असतात.

पण आपण ज्याला चतुर म्हणून ओळखतो, ते त्याच्या आयुष्याचे शेवटचे प्रकरण. आधीची सगळी प्रकरणे पाण्याखाली लिहिलेली असतात आणि ती कोणी वाचत नाही.

सुरुवात अंड्यापासून. नर-मादीची जोडी पाण्यावरून उडत असते आणि मादी शेपटीचे टोक पाण्याला टेकवत जाते. प्रत्येक टेकवण्याबरोबर अंडी पडतात. पाणी ओळखण्याची तिची खूण म्हणजे त्यावरून परतणाऱ्या उजेडाची विशिष्ट झाक. ही खूण फसवीही आहे. चकचकीत मोटारीच्या टपावरून तसाच उजेड परततो, आणि बिचारी मादी तिथे अंडी टाकून जाते. टाचणीचा कारभार अधिक काळजीचा. तिच्या शेपटीला पातेच असते. पाणवनस्पतीच्या देठाला किंवा पानाला चीर पाडून ती एकेक अंडे आत बसवते. आपल्याकडे सर्रास दिसणारी पिवळीधमक टाचणी कमळासारख्या तरंगत्या पानांत अशी अंडी घालते.

अंड्यातून बाहेर येणारा जीव आधी दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्यासारखा असतो. पाय अंगाशी घट्ट बांधलेले. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, ते दुपटे फाटते आणि सहा पायांचे शिकारी पिलू मोकळे होते. त्या क्षणापासून त्याला एकच उद्योग : खाणे आणि वाढणे.

आता त्या न दिसलेल्या झडपेबद्दल. नातीच्या भिंगातून आम्ही ती पुन्हा पुन्हा पाहिली. पिलाचा खालचा ओठ हा ओठ नव्हेच, तो घडी घातलेला हात आहे. मध्ये कोपर असल्यासारखा सांधा, आणि दुमडून पायांच्या मधोमध छातीखाली ठेवलेला. टोकाला दोन आकडे. भक्ष्य टप्प्यात आले की घडी उलगडते, हात सुटतो, आकडे मिटतात आणि घास तोंडाशी येतो. हे सारे सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात होते. डोळा लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या बरणीतल्या पिलांचा हा ओठ पळीसारखा खोलगट होता आणि मिटल्यावर निम्म्या चेहऱ्यावर पट्टी बांधल्यासारखा दिसे. पळीच्या आत राठ केसांची रांग असते. अळी तिच्यात अडकते. टाचणीच्या पिलाचा ओठ मात्र चपटा असतो.

एवढी चपळाई येते कुठून? पोट आवळून पाण्याच्या दाबाने ओठ पुढे फेकला जातो, असे बराच काळ मानले जाई. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवले की हे काम मुख्यतः गलोलीचे आहे. स्नायू आधी ताण भरून ठेवतात, खटका अडकवलेला असतो, आणि खटका सुटला की साठलेला ताण एकदम मोकळा होतो. आमच्या नातीने हे ऐकून एवढेच विचारले, "मग आपल्याला का नाही असा ओठ?" तिची आजी म्हणाली, "काही जणांना आहे. सदर लिहितात ते."

श्वासाची तऱ्हा त्याहून अजब. चतुराचे पिलू पाण्यातला प्राणवायू घेते ते शरीराच्या मागच्या दाराने. आतड्याच्या शेवटच्या भागात कल्ल्यांची एक टोपलीच बसवलेली असते. पोट फुगते तेव्हा पाणी आत येते, आवळते तेव्हा बाहेर जाते. बरणीच्या तळाला बारीक माती टाकली तर पिलाच्या मागे ती हलताना दिसते. आणि संकट आले की हेच पाणी ते जोराने बाहेर फेकते, अन् स्वतः बाणासारखे पुढे सुटते. पाय त्या वेळी अंगाला चिकटलेले. माणसाने जेट विमान बांधण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी ही युक्ती तळ्यातळ्यांत चालू होती.

टाचणीच्या पिलाकडे ही टोपली नाही. त्याच्या शेपटाशी तीन पातळ पाने असतात, अगदी बेलाच्या त्रिदळासारखी. श्वासाला त्यांची मदत होते, आणि मासोळीसारखे अंग डोलवत पोहताना तीच वल्ह्याचे काम करतात. हे आम्हाला कळले ते माझ्या स्नेह्यांमुळे. शहराबाहेरच्या एका तळ्यातून त्यांनी शेवाळासकट टाचणीचे एक पिलू आणून दिले. मी ते मोठ्या विश्वासाने त्याच बरणीत सोडले, चुलत भावंडे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्रिदळातले एक पान गायब! चतुराच्या पिलांना चुलत काय, सख्खेही कळत नाही. चारांची आमची दोन कधी झाली ते आम्हाला समजलेही नव्हते. टाचणीचे पिलू जिवावरचे संकट पानावर निभावून सुटले होते. पाल शेपूट टाकते तसे ते हे पान टाकून पळू शकते. आम्ही त्याला वेगळ्या पेल्यात ठेवले. पुढची कात टाकली तेव्हा त्या जागी नवे, जरा लहान, पान फुटलेले होते.

कात टाकणे हेच या पिलांचे वाढणे. कीटकाचे कातडे हाच त्याचा सांगाडा, आणि तो ताणत नाही. म्हणून वाढत्या मुलाचा सदरा बदलावा तसे पिलू अंगरखा बदलते. पाण्यात असताना साधारण नऊ ते पंधरा वेळा. एका सकाळी बरणीच्या तळाशी पिलू निपचित पडलेले दिसले, आतून पोकळ. नातीच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिलाच काडीच्या आड दुसरे दिसले. फिकट, जवळजवळ पारदर्शक, आणि आधीपेक्षा मोठे. दुपारपर्यंत त्याचा रंग नेहमीसारखा मळकट झाला.

प्रत्येक कातीबरोबर डोळे मोठे होतात, पाय लांबतात. निम्मे वय झाले की पाठीवर चार इवल्याशा पिशव्या दिसू लागतात. हे होऊ घातलेले पंख. फुलपाखराच्या सुरवंटासारखा कोष चतुराला नाही. सुरवंट कोषाच्या पडद्याआड जाऊन सगळा साज बदलून येतो. चतुराचे पिलू पाठीवर आपले पंख घडी घालून उघड्यावर वाढवत असते. शेवटच्या कातीपूर्वी त्या पिशव्या फुगून पोटाच्या निम्म्यापर्यंत येतात.

हे सगळे मी घरबसल्या शोधले असे कृपा करून समजू नका. या विषयाचे माहेर आपल्या नागपुरातच आहे, हे मला स्नेह्यांकडून कळले आणि थोडी लाजही वाटली. नागपूर विद्यापीठातील डॉ. टेंभरे यांनी १९७०च्या दशकात चतुराच्या अंडाशयावर सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. पुढे हिस्लॉप कॉलेजचे डॉ. अँड्र्यू यांनी त्यांच्याबरोबर चतुराच्या अंड्यांच्या कवचाचा अभ्यास केला. चतुर-टाचण्यांच्या जगभरच्या अभ्यासकांची अठरावी आंतरराष्ट्रीय परिषद २००८ साली भरली ती इथेच, नागपुरात. तिच्या निमित्ताने अँड्र्यू, सुब्रमणियन आणि टिपले या तिघांनी मध्य भारतातल्या नेहमीच्या चतुर-टाचण्यांचे पुस्तकही तयार केले. आपण संत्र्यांचा अभिमान बाळगतो. तो बाळगावाच, पण या कामाचाही थोडा बाळगायला हरकत नाही.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो. तिने विचारले, आणि तुम्हीही विचाराल, की ही पिले डासांच्या अळ्या एवढ्या आवडीने खातात, तर टाकी रिकामी कशाला करायची? चतुरच ठेवू या की पाळून!

याचे उत्तर हिशेबात आहे. उन्हाळी-पावसाळी उबेत डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखांपर्यंत आठ-दहा दिवसांत पोचतो. आमच्या टाकीतला चतुर घाईच्या जातीचा. डबक्यात वाढणारा, डबके आटायच्या आत उडणारा. तरीही त्याला पाच ते नऊ आठवडे लागतात. थंड मुलखांतल्या काही जातींची पिले तर पाण्यात पाच-पाच वर्षे काढतात. म्हणजे चतुराचे पिलू अळीला पुरे पडण्याएवढे होईतो डासांच्या दोन-तीन पिढ्या आमच्या खिडकीतून घरात आलेल्या असणार. तेव्हा आठवड्याला भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा नियमच खरा. आणि नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. कारण हा डास कडेला चिकटवतो ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात.

मग चतुराचा उपयोग नाही काय? आहे, पण त्यालाही हाच हिशेब लागू. म्यानमारमधल्या यांगून शहरात एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या लोकांनी घरच्या पाण्याच्या साठ्यांत लाल चतुराची पिले मुद्दाम सोडली, आणि डेंग्यूच्या डासांची संख्या खरोखरच उतरली. आपल्याकडे तळ्याकाठी सर्रास दिसतो तोच हा तांबडालाल चतुर. पण तिथे पिले बाहेर वाढवून, शिकारीच्या वयाची करून सोडली होती, आणि पुन्हा पुन्हा सोडावी लागत होती. आपोआप काही झाले नाही.

म्हणून हिशेब असा मांडला पाहिजे. बादलीतले पाणी आठवड्याचे, ते डासाच्या सोयीचे. ते ठेवू नये. तळ्यातले पाणी वर्षाचे, ते चतुराच्या सोयीचे. ते त्याचे त्याला राहू द्यावे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा अशी तळी असलेल्या गावाला हे सांगायला नको. पण तळे म्हणजे नुसते पाणी नव्हे, काठही. काठ गुळगुळीत बांधून काढला, लव्हाळे आणि पाणगवत उपटून 'सुशोभित' केले, की टाचणीला अंडी घालायला देठ उरत नाही. आणि चतुराच्या पिलाला शेवटच्या दिवशी चढायला काडी उरत नाही. त्या काडीचे मोल मला बरणीने शिकवले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या पिलाने खाणे सोडले. नात रोज शेजाऱ्यांच्या कुंड्यांखालच्या बशा धुंडाळून अळ्या आणत असे. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बशा यंदा कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ राहिल्या. पण आता अळ्या नाकासमोरून जात, आणि पिलू ढिम्म. ते पाण्याच्या वर डोके काढून बसू लागले. मला वाटले, आजारी पडले. स्नेही म्हणाले, "त्याला भूक असून उपयोग नाही. आतला जीव त्या ओठातून मागे सरकला आहे. आता ते हवेचा श्वास शिकते आहे. बरणीत उंच काडी उभी करा आणि गंमत पाहा. मात्र हात लावू नका."

रात्री साडेनऊला ते काडीवर चढले. आम्ही दिवा मंद केला. अर्ध्या तासाने पाठीवर चीर पडली. आधी छाती कमानीसारखी वर आली, मग डोके, मग पाय. आतून पांढरे दोरे ताणून निघाले. श्वासनलिकांचे जुने अस्तर ते. मग तो जीव कातीतून मागच्या मागे कलंडला आणि डोके खाली करून लोंबकळत राहिला. हालचाल बंद.

पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेपटी अजून कातीत अडकलेली. मला राहवेना. वाटले, अडकला बिचारा. नात म्हणाली, "आबा, हात नका लावू." मी म्हटले, "हात नाही, नुसता आधार देतो," आणि हिराची काडी त्याच्या छातीखाली धरली. तो सुटला तो पाण्यात पडला. मी घाईने बाहेर काढला, पण ओले, मऊ पंख एकमेकांना चिकटले होते. सकाळपर्यंत ते तसेच वाळले, चुरगळलेल्या कागदासारखे. तो जिवंत होता, डोळे फिरवत होता. तो उडणार नव्हता एवढेच.

नंतर स्नेह्यांनी सांगितले ते मला आधी कळायला हवे होते. ते लोंबकळणे म्हणजे अडकणे नव्हे. नव्या पायांना बळ यायला अर्धा तास लागतो. ते आले की चतुर स्वतःच उसळी मारून वर वळतो, काडीवरची जुनी कात पायांत पकडतो आणि शेपटी ओढून घेतो. मी त्याला मदत केली नव्हती. त्याचा अर्धा तास हिरावून घेतला होता. ज्याने डासाचे आणि चतुराचे दिवस मोजून घरच्यांना हिशेब शिकवला, त्याला तीस मिनिटे मोजता आली नाहीत. नातीने मला काही म्हटले नाही. ती दोन दिवस माझ्याशी फारसे बोललीच नाही.

टाचणी त्याच आठवड्यात एका सकाळी निघाली. ती मागे कलंडत नाही, काडीवर सरळ राहूनच बाहेर येते. तेव्हा घरात सौ. एकटीच होती. तिने देवपूजा सोडून सगळे पाहिले आणि मला ऐकवले, "मी हात जोडले होते, म्हणून लावले नाहीत."

दुसरा चतुर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चढला. या वेळी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसलो. चीर, कमान, पांढरे दोरे, लोंबकळणे. नात हातातले घड्याळ पाहत होती. सव्विसाव्या मिनिटाला तो उसळला, कात पकडली, शेपटी बाहेर काढली. मग पंख. आधी चार चुरगळलेल्या कळ्या. मग शरीरातला द्रव शिरांतून त्यांत भरत गेला आणि पाहता पाहता ते उलगडले, दुधाळ, ओलसर. पंख भरल्यावर तो द्रव मागे येऊन पोट लांबले. मध्यरात्रीनंतर पंख काचेसारखे स्वच्छ झाले. आम्ही दादरा सोडून बरणी गच्चीवर नेली. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, त्याने पंख थरथरवले, जसा काही गारठला आहे, आणि गेला. पहिल्याच उड्डाणात पलीकडच्या कडुलिंबावरून दिसेनासा झाला.

त्याचा पिवळसर रंग आणि मागच्या पंखांची रुंद बैठक ऐकून स्नेह्यांनी जात ओळखली. हा भटका चतुर. पावसाच्या ढगांबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. कुठे जातो? मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. तरी दर ऑक्टोबरात तिथे असे हजारो चतुर येतात. तिथे राहणारे सागरजीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि २००९ साली आपला तर्क मांडला. हे चतुर भारताकडून येतात, ईशान्येच्या उंच वाऱ्यावर तरंगत समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेच्या पावसात जाऊन पोचतात. तिथे नव्या पिढ्या वाढतात आणि पुढच्या नैऋत्य वाऱ्याबरोबर इकडे परततात. जाऊन येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, आणि तेही एका जन्मात नव्हे. साधारण चार पिढ्यांत मिळून. जो निघतो तो परत येत नाही, परततात ती त्याची पतवंडे. आमचा चतुर त्या वाटेला लागला की वाटेतच कुठल्या पाखराच्या तोंडी गेला, हे कळायला मार्ग नाही. पण त्या वाटेचा प्रवासी होण्यासाठी जे लागते ते सारे त्याच्यापाशी होते, आणि ते आमच्या कूलरच्या टाकीत तयार झाले होते.

परवा फटाक्यांच्या खरेदीला निघालो होतो. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर संध्याकाळच्या उन्हात तसे चतुर घिरट्या घालत होते. नातीने माझा हात ओढला आणि आम्ही दोघे खरेदी विसरून पाच-दहा मिनिटे उभे राहिलो. वारा ईशान्येकडून येत होता.

त्याची कात अजून आमच्या घरी आहे. काडीला तशीच पकडून, पाठीवर चीर, आत कोणी नाही. नातीने ती कंपासपेटीत कापसावर ठेवली आहे. दिवाळीची साफसफाई झाली तेव्हा सौ.ने घरातले सगळे जुने-पुराणे काढून टाकले, पण त्या पेटीला हात लावला नाही. कूलरची टाकी मात्र या खेपेला मीच माळ्यावर चढवली. रिकामी, कोरडी, आणि कडा घासून.